'लेस दॅन' म्हणजे कोणापेक्षा? इंग्रजीतलं गणित वाचताना मुलं अडतात ती जागा



'सबट्रॅक्ट ७ फ्रॉम २०.' सेमी इंग्रजीच्या वर्गात हे वाक्य दिलं की दोन-चार वह्यांमध्ये ७ − २० अशी मांडणी हमखास सापडते. त्याच मुलांना '२० मधून ७ वजा करा' असं म्हणा. उत्तर तोंडावरच येतं, तेरा. म्हणजे वजाबाकी त्यांना येते. अडलं ते फक्त 'फ्रॉम' या एवढ्याशा शब्दापाशी.

पण पेपर तपासताना तिथे लाल फुली पडते, आणि फुली कशासाठी पडली हे प्रगतिपुस्तकात लिहिलेलं नसतं. तिथे फक्त गुण दिसतात. पालक म्हणतात, 'गणित कच्चं आहे हो याचं.' दोन-तीनदा कानावर पडलं की मूलही तेच म्हणायला लागतं. आपल्याकडे कुठे पहिलीपासून, कुठे पाचवीपासून, तर कुठे आठवीपासून गणित इंग्रजीतून सुरू होतं. कालपर्यंत गणितात बरं असलेलं मूल या टप्प्यावर एकदम मागे का पडतं, याचं एक कारण या छोट्या शब्दांत दडलेलं आहे. आज त्याबद्दलच बोलू.

मराठीत मागे, इंग्रजीत पुढे

'ॲडिशन', 'मल्टिप्लिकेशन', 'इक्वेशन' हे मोठे शब्द मुलं पाठ करतात. त्यांची यादी भिंतीवरही लावलेली असते. पण गणित कसं मांडायचं हे ठरतं ते 'फ्रॉम', 'दॅन', 'बाय', 'ऑफ', 'टू' या बारक्या शब्दांवर, आणि ते कोणत्याच यादीत नसतात.

मराठीत हेच काम 'मधून', 'पेक्षा', 'ने', 'चा', 'ला' हे करतात. फरक जागेचा आहे. मराठीत ते संख्येच्या मागे चिकटतात: २० मधून, २० पेक्षा, २० ने. इंग्रजीत ते संख्येच्या पुढे उभे राहतात: फ्रॉम २०, दॅन २०, बाय २०. त्यामुळे वाक्याचा सगळा क्रमच बदलतो.

मराठी वाक्य बघा: '२० मधून ७ वजा करा.' आधी २०, मग ७. मांडणीही तशीच, २० − ७. ऐकलं त्या क्रमाने लिहीत गेलं तरी बरोबर येतं. इंग्रजीत मात्र आधी ७ कानावर पडतो, मग २०. ऐकल्या क्रमाने लिहिलं की चुकलंच.

मग ही चूक आधी का दिसली नाही? कारण बेरीज आणि गुणाकार क्रमनिरपेक्ष आहेत. 'ॲड ७ टू २०' हे ७ + २० लिहिलं काय आणि २० + ७ लिहिलं काय, उत्तर २७ च. म्हणजे मूल 'टू' न वाचताच वर्षानुवर्षं बरोबर ठरत आलेलं असतं. वजाबाकी, भागाकार आणि पुढे बीजगणित आलं की ते झाकलेलं उघडं पडतं.

म्हणून वर्गात एकच प्रश्न रुजवावा: 'प्रत्यय कोणत्या संख्येला लागला?' इंग्रजी वाक्यातल्या त्या बारक्या शब्दाभोवती गोल करायचा, त्याच्या लगेच पुढची संख्या शोधायची आणि तिला मराठी प्रत्यय लावायचा. 'फ्रॉम २०', म्हणजे '२० मधून'. बाकीचं वाक्य आपोआप जागेवर बसतं.

यात इंग्रजी अवघड आणि मराठी सोपी असा मुद्दा नाही. संख्यानामांत अगदी उलट आहे. २७ लिहिताना आधी दोन, मग सात. इंग्रजीत म्हणतानाही आधी 'ट्वेंटी', मग 'सेव्हन'. मराठीत मात्र 'सत्तावीस', म्हणजे सात आधी! २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' अशी वाचनाची पद्धत आली आणि केवढी चर्चा झाली, ते आठवत असेल. प्रत्येक भाषेचा आपला क्रम असतो. तो मुलांना उघड करून दाखवावा लागतो, एवढंच.

एका 'इज'ने काय होतं?

आता ही तीन वाक्यं शेजारी शेजारी ठेवा.

१) 'फाइव्ह लेस दॅन ट्वेल्व्ह': १२ पेक्षा ५ ने कमी. मांडणी १२ − ५.
२) 'ट्वेल्व्ह लेस फाइव्ह': १२ वजा ५. मांडणी १२ − ५.
३) 'फाइव्ह इज लेस दॅन ट्वेल्व्ह': ५ हा १२ पेक्षा लहान आहे. मांडणी ५ < १२.

पहिल्या दोनमध्ये संख्यांचा क्रम उलटा आहे, तरी अर्थ एकच. पहिल्या आणि तिसऱ्यात फक्त एक 'इज' जास्त आहे, आणि अर्थ पार वेगळा.

मुलांना हे व्याकरणातून पटकन कळतं. 'शेजारच्या काकूंचा मुलगा' हे वाक्य आहे का? नाही, नुसतं नाव आहे. 'शेजारच्या काकूंचा मुलगा उंच आहे' हे वाक्य झालं. गणितातही तसंच. क्रियापद नसेल तर ती नुसती राशी, म्हणजे एका संख्येचं लांबलचक नाव. 'इज' आला की विधान. ओळखायची खूण सोपी आहे: 'खरं की खोटं?' असं विचारून बघायचं. '१२ पेक्षा ५ ने कमी' हे खरं की खोटं, असं विचारता येत नाही. '५ हा १२ पेक्षा लहान आहे' याला मात्र 'खरं' असं उत्तर देता येतं. नुसती राशी असेल तर तिथे '=' किंवा '<' लिहायचं नाही.

बरोबरचं चिन्हही असंच वाक्यातून आलेलं आहे. रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने १५५७ साली आपल्या पुस्तकात ते वापरलं. 'इज इक्वल टू' हे शब्द पुन्हा पुन्हा लिहिण्याचा कंटाळा आला म्हणून त्याने दोन समांतर रेघा काढल्या. त्यांच्याहून जास्त सारख्या दोन गोष्टी असूच शकत नाहीत, असं त्याचं म्हणणं होतं. हे मुलांना जरूर सांगा. चिन्ह म्हणजे शब्दांचा संक्षेप आहे हे कळलं की 'इज' दिसताच '=' सुचतं. फक्त 'इज'च्या पुढे 'लेस दॅन' किंवा 'मोअर दॅन' आहे का, ते बघायची सवय लावा. 'इज लेस दॅन १२' असेल तर '<'. 'इज ५ लेस दॅन १२' असेल, तर मध्ये संख्या आली, म्हणून '= १२ − ५'.

'ऑफ'ची साखळी शेवटून वाचा

आपल्या पिढीने 'कंचेभागुबेव' पाठ केलं आहे. त्यातला 'चे' म्हणजेच इंग्रजीतला 'ऑफ'. 'वन थर्ड ऑफ २४' म्हणजे २४ चे एक तृतीयांश, म्हणजे ८. इथे 'ऑफ' म्हणजे गुणाकार, आणि मुलं तेवढंच पक्कं करतात. मग 'द सम ऑफ ४ अँड ६' वाचताना 'ऑफ' दिसला म्हणून ४ × ६ करून मोकळी होतात! इथे 'ऑफ'च्या अलीकडे अपूर्णांक नाही, 'सम' आहे. तो फक्त सांगतो की बेरीज कोणाची. तसंच '१८ आउट ऑफ २०' म्हणजे २० पैकी १८. शब्द तोच, पण मराठीत एकदा 'चे', एकदा 'ची', एकदा 'पैकी'.

खरी परीक्षा दोन 'ऑफ' एकत्र आले की होते.

'द स्क्वेअर ऑफ द सम ऑफ ३ अँड ४': ३ आणि ४ यांच्या बेरजेचा वर्ग. ७ चा वर्ग, ४९.
'द सम ऑफ द स्क्वेअर्स ऑफ ३ अँड ४': ३ आणि ४ यांच्या वर्गांची बेरीज. ९ + १६, म्हणजे २५.

दोन्ही भाषांतला क्रम बघा. इंग्रजीत जो शब्द सगळ्यात आधी येतो ती क्रिया सगळ्यात शेवटी करायची असते. मराठीत शेवटचा शब्द म्हणजे शेवटची क्रिया. म्हणून अशी साखळी शेवटाकडून वाचायला शिकवावी.

कंस कुठे द्यायचा यासाठीही मराठीत एक छान खूण आहे. 'बेरीज' या शब्दाची जिथे 'बेरजे-' झाली, 'फरक'चा जिथे 'फरका-' झाला, तिथे कंस. 'बेरजेचा वर्ग', 'फरकाची दुप्पट', 'बेरजेला ५ ने भागा': प्रत्यय लागला याचाच अर्थ ती बेरीज आधी पूर्ण करून एक संख्या म्हणून पुढे वापरायची आहे. मुलं 'एक्स' म्हणतात ती अज्ञात संख्या आपण इथे क्ष लिहू. 'थ्री टाइम्स द सम ऑफ अ नंबर अँड ४' म्हणजे क्ष आणि ४ यांच्या बेरजेची तिप्पट: ३(क्ष + ४). '४ मोअर दॅन थ्री टाइम्स अ नंबर' म्हणजे क्ष च्या तिपटीपेक्षा ४ ने जास्त: ३क्ष + ४. पहिल्यात 'बेरजेची' आहे म्हणून कंस. दुसऱ्यात नाही म्हणून नाही.

'बाय', 'टू' आणि 'इंटू'

'बाय' म्हणजे बहुतेक वेळा 'ने'. 'मल्टिप्लाइड बाय ३', ३ ने गुणले. 'डिव्हाइडेड बाय ३', ३ ने भागले. 'डिक्रीज्ड बाय ३', ३ ने कमी केले. पण खोली '१० बाय १२ फूट' असते तेव्हा तो लांबी-रुंदीचा 'बाय' असतो, आणि 'थ्री बाय फोर' म्हणताना आपण अपूर्णांक वाचत असतो. मुलांना हे तिन्ही 'बाय' एकाच दिवशी दाखवावेत.

'बाय' आणि 'टू' यांची जोडी तर रोजच्या व्यवहारातली. ८० रुपयांच्या वस्तूची किंमत 'इंक्रीज्ड बाय १००' असेल तर ती १०० ने वाढून १८० झाली. 'इंक्रीज्ड टू १००' असेल तर १०० पर्यंत गेली, म्हणजे वाढ फक्त २० ची. मोठ्या माणसांचीही इथे गफलत होते, मुलांची झाली तर नवल नाही.

'इंटू'चं प्रकरण खास आपल्याकडचं. आपल्या शाळांत 'फाइव्ह इंटू फोर' म्हणजे पाच गुणिले चार. पण पुस्तकात 'डिव्हाइड २४ इंटू ६ इक्वल पार्ट्स' असं येतं, तिथे भागाकार आहे: २४ चे ६ समान भाग करा. आणि परदेशी व्हिडिओत '४ गोज इंटू २० फाइव्ह टाइम्स' असं ऐकलं की मूल चक्रावतं. तिथे अर्थ आहे, २० मध्ये ४ पाच वेळा बसतो. म्हणून 'इंटू म्हणजे गुणाकार' हे सूत्र देताना 'आपण पाढे आणि गुणाकार वाचतो तेव्हा' ही जोड द्यावी.

वर्गात रंगणारं एक कोडं: 'डिव्हाइड १० बाय हाफ' आणि 'डिव्हाइड १० इन हाफ'. पहिल्यात १० ला अर्ध्याने भागायचं आहे, उत्तर २०. दुसऱ्यात १० चे दोन समान भाग करायचे आहेत, प्रत्येक भाग ५. सगळा फरक 'बाय' आणि 'इन' यांचा.

खुणेचे शब्द पाठ करून घेऊ नका

'टोटल आलं की बेरीज, लेस आलं की वजाबाकी' असे तक्ते आपण चांगल्या हेतूने देतो. सुरुवातीला ते उपयोगी वाटतात. पण हे उदाहरण बघा: 'रवी हॅज ८ मार्बल्स. ही हॅज ३ लेस दॅन सीता. हाउ मेनी मार्बल्स डझ सीता हॅव?' तक्त्यावर विसंबलेलं मूल 'लेस' बघून ८ − ३ करतं आणि ५ लिहितं. प्रत्यय लावून वाचलं तर? रवीकडे सीतापेक्षा ३ गोट्या कमी. म्हणजे जास्त कोणाकडे? सीताकडे. उत्तर ११.

ही अडचण फक्त आपल्या मुलांची आहे असं समजू नका. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन क्लेमंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभियांत्रिकीच्या नव्या विद्यार्थ्यांना एक वाक्य समीकरणात लिहायला दिलं होतं: विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत. विद्यार्थी व, प्राध्यापक प मानले तर बरोबर समीकरण व = ६प. त्यांच्यापैकी ३७ टक्के विद्यार्थी चुकले, आणि बहुतेकांची चूक एकच होती: ६व = प. इंग्रजी वाक्यात 'सिक्स टाइम्स'नंतर आधी 'स्टुडंट्स' येतं, मग 'प्रोफेसर्स'. ऐकल्या क्रमाने लिहिलं की असंच होतं, आणि तेही इंग्रजीतून शिकलेल्या, गणितात चांगल्या असलेल्या मुलांचं! अशा वेळी संख्या घालून बघायची सवय लावावी. प्राध्यापक १० असतील तर विद्यार्थी किती? ६०. मग ६ × ६० = १० हे खरं आहे का? चूक मुलाला स्वतःलाच दिसते.

असाच एक फसवा शब्द 'ॲट लीस्ट'. 'लीस्ट' म्हणजे सर्वांत कमी, म्हणून मुलं '<' लिहितात. पण 'ॲट लीस्ट १८' म्हणजे कमीत कमी १८, म्हणजे १८ किंवा जास्त: क्ष ≥ १८. 'ॲट मोस्ट' म्हणजे जास्तीत जास्त, म्हणून ≤. मतदानाच्या वयाचं उदाहरण द्या: १८ वर्षांचा चालतो का? चालतो. ४० चा? चालतो. १७ चा? नाही. चिन्ह कोणतं ते मग मुलंच सांगतात.

चूक नेमकी कुठे आहे ते शोधा

'गणितात कच्चा' असा शेरा लिहिण्याआधी एक छोटी चाचणी घ्या. पाच उदाहरणं तीन प्रकारे द्या, प्रत्येक वेळी आकडे थोडे बदलून. आधी नुसत्या चिन्हांत, मग मराठी वाक्यात, मग इंग्रजी वाक्यात.

• चिन्हांतच चुकलं, तर क्रियेचा सराव हवा.
• चिन्हांत बरोबर पण मराठीतही चुकलं, तर वाक्य समजून मांडणी करण्याचा सराव हवा.
• चिन्हांत आणि मराठीत बरोबर, फक्त इंग्रजीत चूक, तर त्या मुलाचं गणित पक्कं आहे. त्याला जादा गणितं देऊन उपयोग नाही. त्याला वाक्य वाचायला शिकवायला हवं.

ऑस्ट्रेलियातल्या ॲन न्यूमन यांनी १९७७ मध्ये शाब्दिक उदाहरणांतल्या चुका शोधायची पाच पायऱ्यांची पद्धत मांडली. आपल्या शब्दांत ती अशी: 'मोठ्याने वाच.' 'काय विचारलंय ते सांग.' 'कसं काढशील?' 'करून दाखव.' 'उत्तर पूर्ण लिही.' मूल ज्या पायरीवर थांबतं, तिथे मदत करायची.

पालकांना एक खास सांगणं. 'आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही काय अभ्यास घेणार?' असं पुष्कळ जण म्हणतात. तुम्हाला इंग्रजी येण्याची गरज नाही. मुलाला एवढंच म्हणा, 'मला हे मराठीत सांग.' सांगता सांगता ते कुठे अडखळतं ते तुम्हाला कळेल, आणि बऱ्याचदा सांगून होईपर्यंत त्याचं त्यालाच उमगलेलं असेल. मराठीत आणून विचार केला तर इंग्रजी कच्चं राहील, ही भीतीही नको. पुरेसा सराव झाला की ती पायरी मुलं आपोआप गाळतात.

सरावासाठी सहा वाक्यं

१) 'सबट्रॅक्ट ९ फ्रॉम अ नंबर'
२) '९ डिक्रीज्ड बाय अ नंबर'
३) 'हाफ ऑफ द सम ऑफ अ नंबर अँड ६'
४) 'द सम ऑफ हाफ ऑफ अ नंबर अँड ६'
५) '४ लेस दॅन ट्वाइस अ नंबर इज १०'
६) 'अ नंबर इज ॲट मोस्ट १५'

उत्तरं: १) क्ष − ९. २) ९ − क्ष. ३) (क्ष + ६) ÷ २. ४) (क्ष ÷ २) + ६. ५) २क्ष − ४ = १०, म्हणून क्ष = ७. ६) क्ष ≤ १५.

रोज दोनच वाक्यं घ्या. आधी बारक्या शब्दाला गोल, मग मराठी वाक्य, मग मांडणी, आणि शेवटी एखादी संख्या घालून पडताळा. दहा मिनिटं पुरतात. उत्तर चुकलं तर ओरडू नका, 'प्रत्यय कोणाला लागला?' एवढंच विचारा. ज्या मुलांना वजाबाकी येत होती, ती त्यांना येतच राहील. फक्त आता ती पेपरातही दिसेल.